असईची दुर्बीण ते टेलिकन्व्हर्टर : दूरचे जवळ आणण्याची किंमत

१.
२३ सप्टेंबर १८०३ ची दुपार. आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केळणा नदीच्या दक्षिणेस, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली घोड्यावर बसून समोरचा मुलूख न्याहाळत होता. पलीकडे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा पसरल्या होत्या. शिंद्यांची कवायती पलटणे, शंभराच्या आसपास तोफा आणि अफाट घोडदळ अशी ती फौज होती. लढाईत उतरवण्याजोगे वेलस्लीचे सैन्य होते सुमारे साडेचार हजार.

२.
समोरून नदी ओलांडणे म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जाणे. शत्रूच्या बगलेवर जायचे, तर खाली कुठेतरी उतार हवा होता. वाटाड्यांनी सांगितले, तसा उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण डोळ्यांस लावली. नदीच्या अलीकडे एक गाव दिसले आणि त्याच्या अगदी समोर, पलीकडच्या काठावर, दुसरे. पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळजवळ वसलेली दोन गावे एकमेकांकडे येण्याजाण्याची वाट ठेवल्याशिवाय राहणार नाहीत, असा त्याने तर्क बांधला. सैन्य तिकडे वळले आणि उतार निघाला.

३.
पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. शिंद्यांच्या पलटणींनी मोहरा फिरवला आणि त्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची दाणादाण उडवली. विजय वेलस्लीला मिळाला, पण दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाल्यावर. पुढे वॉटर्लू जिंकणारा हा सेनापती असईची लढाई कधी विसरला नाही. उताराची ही गोष्टही त्यानेच नंतर सांगितलेली आहे. विजेत्याने स्वतःच्या चातुर्याविषयी सांगितलेली कथा म्हणून ती थोडी सावधपणे वाचावी. तरी तिच्यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे.

४.
दुर्बिणीने त्याला उतार दाखवलाच नाही. दाखवली ती फक्त दोन गावे. काय शोधायचे हे त्याला आधीच ठाऊक होते, म्हणून तेवढ्या दर्शनाने काम भागले. आज त्याच मुलखातील माळावर काळवीट किंवा पक्षी टिपू पाहणारा छायाचित्रकार डिजिटल एसएलआरसाठी टेलिफोटो झूम लेन्स निवडायला बसतो, तेव्हा तो विचारतो : ३०० मिलिमीटर पुरेल का? टेलिकन्व्हर्टर जोडावा का? हे प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. त्यांची उत्तरे देणारा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे आणि त्यातील एक ठळक प्रकरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले आहे.

५.
आधी दुर्बिणीचे पाहू. साध्या एकेरी भिंगातून पाहिले की वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसते, कारण निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतात. लंडनच्या जॉन डॉलंड याने १७५८ मध्ये दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडून हा दोष कमी करणाऱ्या भिंगाचे पेटंट मिळवले. त्यामुळे आखूड, सुटसुटीत आणि तरीही स्पष्ट दाखवणारी दुर्बीण शक्य झाली. ती जहाजांवर गेली, रणांगणावर गेली. डॉलंड हे नाव पुढे दुर्बिणीचेच दुसरे नाव बनले.

६.
याच घराण्यातील जॉर्ज डॉलंड आणि वुलिच येथील लष्करी अकादमीत गणित शिकवणारा पीटर बार्लो यांनी १८३३-३४ च्या सुमारास एक नवी युक्ती पुढे आणली. अडचण खगोलशास्त्रज्ञांची होती. जोडताऱ्यांमधले अंतर मोजताना दुर्बिणीत अतिशय बारीक तारा ताणलेल्या असत. प्रतिमा मोठी दिसावी म्हणून जास्त शक्तीचे नेत्रभिंग लावले, तर ताऱ्यांबरोबर त्या ताराही जाड दिसू लागत आणि मोजमाप बिघडे.

७.
बार्लोने सुचवले, की मुख्य भिंगातून येणारे किरण एकत्र येण्याआधीच वाटेत एक अंतर्वक्र भिंग ठेवावे. त्यामुळे किरण जरा फाकतात आणि थोडे पुढे जाऊन एकत्र येतात. मुख्य भिंगाचे नाभीय अंतर वाढल्यासारखे होते. ताऱ्यांची प्रतिमा मोठी होते आणि त्या प्रतिमेपाशी ताणलेल्या तारा मात्र पूर्वीइतक्याच बारीक राहतात. हेच ‘बार्लो भिंग’. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवला जाणारा आजचा टेलिकन्व्हर्टर याच कल्पनेचा वंशज आहे.

८.
या युक्तीला पहिल्या दिवसापासून एक किंमत आहे. दुर्बिणीत शिरणारा प्रकाश ठरतो तो पुढच्या भिंगाच्या व्यासावरून. मागे काहीही जोडले तरी तो वाढत नाही. कणकेचा गोळा तेवढाच राहिला आणि पोळी मोठी लाटली, तर ती पातळ होणारच. प्रतिमा दुप्पट लांब-रुंद केली की तिचे क्षेत्र चौपट होते आणि प्रत्येक ठिकाणी येणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो. त्याशिवाय मुख्य भिंगात जो काही दोष असेल, तोही दुप्पट मोठा दिसतो.

९.
छायाचित्रण आल्यावर ही किंमत अधिक जाणवू लागली, कारण काचेच्या पट्टीला डोळ्यासारखे सांभाळून घेता येत नाही. दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा हवी असेल तर लांब नाभीय अंतराचे भिंग हवे. साध्या भिंगाचे नाभीय अंतर एक मीटर असेल, तर कॅमेऱ्याची पेटीही सुमारे मीटरभर लांब होणार. १८९१ मध्ये लंडनचा टॉमस डॉलमायर, म्युनिकचा श्टाइनहाइल आणि बर्लिनचा आडोल्फ मीटे हे तिघे स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच उत्तराशी पोहोचले. पुढे बहिर्वक्र भिंगसमूह आणि त्याच्या मागे अंतर्वक्र भिंगसमूह.

१०.
या रचनेत नाभीय अंतर मोठे राहते, पण लेन्स प्रत्यक्षात त्याहून आखूड असते. काटेकोर अर्थाने ‘टेलिफोटो’ म्हणतात ते यालाच. केवळ लांब पल्ल्याच्या प्रत्येक लेन्सला ते नाव लागू होत नाही. त्या काळी नेहमीच्या लेन्समागे जोडण्याची अंतर्वक्र जोडभिंगेही मिळू लागली. प्रतिमा किती पट मोठी करायची हे त्यांत मागेपुढे करून ठरवता येई. हिशेब मात्र बार्लोचाच होता. प्रतिमा तिप्पट केली, तर प्रकाशन-काळ नऊपट.

११.
लांब भिंग की उजळ भिंग? या प्रश्नाची मोठी परीक्षा २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रात झाली. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून चढून सोलापूर आणि वऱ्हाड ओलांडत ईशान्येकडे गेली. पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला बरोबर सात महिने झाले होते आणि मुंबई इलाख्यावरचे प्लेगचे सावट अजून हटले नव्हते. अशा वेळी जगभरातील खगोलशास्त्रज्ञ पेट्या-पेटारे घेऊन इथे उतरले. जालन्याच्या दक्षिणेकडून गेलेल्या या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला जाणार होता तो जेमतेम दोन मिनिटे.

१२.
नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होता. हेलियमच्या शोधाशी या किल्ल्याचे नाव अनेकदा जोडले जाते, पण ती पिवळी वर्णरेषा पाहिली गेली १८६८ मध्ये. लॉकियर विजयदुर्गावर आला त्यानंतर तीस वर्षांनी. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. त्यांचा मुख्य रोख सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावर होता. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी घेऊन विल्यम कॅम्पबेल आला. त्याच्याजवळचा एक कॅमेरा पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे असा होता.

१३.
त्या कॅमेऱ्याच्या भिंगाचा व्यास ५ इंच आणि नाभीय अंतर ४० फूट, म्हणजे आजच्या भाषेत १२,००० मिलिमीटरहून अधिक. भिंग उंचावर आणि काच खाली ठेवून त्यांच्या मध्ये तिरकी, लांबलचक नळी उभारलेली. सूर्य सरकेल तशी काच घड्याळाच्या यंत्रणेने सरकवली जाई. सूर्याच्या प्रतिमेचा आकार नाभीय अंतराच्या साधारण एकशे नवव्या भागाइतका असतो. त्या हिशेबाने या कॅमेऱ्यातील सूर्य सुमारे ११ सेंटीमीटरचा होता. सूर्याच्या कडेवरील ज्वाला आणि त्यांच्या लगतच्या प्रभामंडळाची बारीक वीण टिपण्यासाठी एवढी मोठी प्रतिमा हवी होती.

१४.
त्याच सावलीत पुढे, नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वऱ्हाडच्या तळणी येथे ब्रिटिश खगोलप्रेमींची तुकडी होती. जालना जिल्ह्याच्या मंठा तालुक्यातही तळणी आहे, पण ही ती नव्हे. या तुकडीत अ‍ॅनी माँडर होती. ग्रिनिचच्या वेधशाळेत गणनाचे काम करणाऱ्या या विदुषीला १८९५ मध्ये विवाहामुळे नोकरी सोडावी लागली होती. तिच्याजवळच्या छोट्या कॅमेऱ्यात डॉलमायरच्या कारखान्याचे भिंग होते. व्यास दीड इंच, नाभीय अंतर अवघे ९ इंच. त्यात सूर्याची प्रतिमा जेमतेम दोन मिलिमीटरची.

१५.
पण तिला सूर्य मोठा नकोच होता. तिला हवी होती प्रभामंडळाची बाहेरची, अतिशय फिकट टोके. नाभीय अंतराला व्यासाने भागले की आजचा एफ-आकडा मिळतो. जेऊरचा मोठा कॅमेरा एफ/९६, तळणीचा छोटा कॅमेरा एफ/६. म्हणजे छोट्या कॅमेऱ्याच्या काचेवर प्रत्येक ठिकाणी पडणारा प्रकाश २५६ पट. सूर्यापासून दूरवर गेलेला प्रभामंडळाचा एक लांब झोत तिच्या काचेवर उमटला. तोवर कोणत्याही छायाचित्रात इतक्या लांबीचा झोत आला नव्हता. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मात्र तिला सदस्यत्व दिले ते १९१६ मध्ये.

१६.
एकच सूर्य, एकच दिवस, एकाच सावलीचा पट्टा. एकाचे भिंग ४० फुटांचे, दुसरीचे ९ इंचांचे आणि दोघांचीही निवड अचूक. कारण दोघांनी आधी ठरवले होते, की आपल्याला नेमके काय पाहायचे आहे. जवळच्या तपशिलासाठी लांबी लागते, मंद प्रकाशासाठी उजळपणा लागतो आणि दोन्ही एकदम हवे असेल तर भिंगाचा व्यास वाढवावा लागतो. व्यास वाढला की वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. १८९८ मध्ये हे जसे खरे होते, तसे आजही आहे.

१७.
विसाव्या शतकाने यात सोय आणली. नाभीय अंतर बदलता येणारे झूम भिंग आधी चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी वापरात आले. ३५ मिमी स्थिरचित्र कॅमेऱ्यांसाठी १९५९ मध्ये फ्रँक बॅक याच्या रचनेचे फोग्टलेंडर झूमार (३६-८२ मिमी, एफ/२.८) विक्रीस आले. लेन्स न बदलता चौकट बदलता येऊ लागली. सोयीची किंमत इथेही होतीच. भिंगांची संख्या वाढली, रचना गुंतागुंतीची झाली आणि साध्या किमतीच्या झूममध्ये लांब टोकाला छिद्र तुलनेने लहान ठेवावे लागले. लेन्सवर ‘७०-३०० मिमी, एफ/४.५-५.६’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच. ३०० मिमीला ती एफ/५.६ पेक्षा अधिक उजळ होत नाही.

१८.
आता टेलिकन्व्हर्टरचा हिशेब. १.४ पट कन्व्हर्टर प्रकाश निम्मा करतो, २ पट कन्व्हर्टर एक चतुर्थांश. म्हणून ३०० मिमी एफ/५.६ ची लेन्स १.४ पटीने ४२० मिमी एफ/८ होते आणि २ पटीने ६०० मिमी एफ/११. नुकसान इथेच थांबत नाही. लेन्स हातात धरून चित्र घ्यायचे, तर नाभीय अंतर वाढेल तशी शटरची गतीही वाढवावी लागते, नाहीतर हाताची थरथर चित्रात उतरते. २ पट कन्व्हर्टरमुळे प्रकाश चौपट घटला आणि शटर दुप्पट जलद करावे लागले, तर एकूण तूट आठपट. जे चित्र आयएसओ ४०० वर निघत होते, त्यासाठी ३२०० लागेल.

१९.
डिजिटल एसएलआरमध्ये आणखी एक अडचण आहे. त्याची स्वयंचलित फोकस यंत्रणा आरशाखाली असते आणि लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून येणाऱ्या प्रकाशाची तुलना करून काम करते. बहुतेक एसएलआरमध्ये ही यंत्रणा एफ/५.६ पर्यंतच भरवशाची असते. काही मॉडेलांत मधला बिंदू एफ/८ पर्यंत चालतो. म्हणजे एफ/५.६ च्या झूमला कन्व्हर्टर जोडताच फोकस चाचपडू लागतो किंवा बंद पडतो. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत फोकस थेट संवेदकावर होतो, म्हणून त्यांना ही मर्यादा तितकीशी जाचत नाही.

२०.
मग कन्व्हर्टर शोभतो कुणाला? ज्या लेन्सजवळ खर्च करण्याइतका प्रकाश आहे तिला. ७०-२०० मिमी एफ/२.८ ला २ पट कन्व्हर्टर जोडला तर १४०-४०० मिमी एफ/५.६ मिळते. ३०० मिमी एफ/४ ला १.४ पट जोडला तर ४२० मिमी एफ/५.६. दोन्हींत फोकस चालू राहतो. अनेक कन्व्हर्टरांचे पुढचे भिंग बाहेर आलेले असते, त्यामुळे ते पुष्कळशा झूम लेन्सवर बसतच नाहीत. म्हणून निर्मात्याने दिलेली जुळणाऱ्या लेन्सची यादी विकत घेण्याआधी पाहावी, नंतर नव्हे.

२१.
ज्याच्याजवळ एफ/५.६ ची झूम आहे, त्याच्यासाठी बिनखर्चाचा पर्याय म्हणजे चित्राचा मधला भाग कापून घेणे. २४ मेगापिक्सेलच्या चित्रातून १.४ पट कन्व्हर्टरइतकी चौकट कापली तर १२ मेगापिक्सेल उरतात. मध्यम आकाराच्या छापील प्रतीला ते पुरेसे आहेत. यात फोकस जात नाही, शटरही मंदावत नाही. लहान संवेदकाचे एसएलआर हेच काम आपोआप करतात. ३०० मिमीची लेन्स त्यांवर साधारण ४५० मिमीसारखी चौकट देते. त्यातून लेन्सची शक्ती वाढत नाही, प्रतिमेचा मधला भाग तेवढा घेतला जातो.

२२.
आणि एक गोष्ट कोणतेही भिंग विकत देत नाही, ती म्हणजे स्वच्छ, स्थिर हवा. मराठवाड्याच्या उन्हात दहा-अकरानंतर माळावरची हवा तापून थरथरू लागते. दूरचे काळवीट मग पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे हलते आणि लेन्स जितकी लांब, तितकी ती थरथर मोठी दिसते. घाणेवाडीच्या तलावावर हिवाळ्यात उतरणारी बदके असोत वा माळावर घिरट्या घालणारा भोवत्या असो, पहाटेच्या पहिल्या दोन तासांत ३०० मिमीने जे साधते ते भर दुपारी ६०० मिमीने साधत नाही. पण पहाटे प्रकाश कमी असतो. म्हणजे पुन्हा उजळ भिंगाचीच बाजू वरचढ ठरते.

२३.
या साऱ्याचा निष्कर्ष एवढाच, की लेन्सची निवड मिलिमीटरपासून सुरू करू नये. कोणता प्राणी, किती अंतरावरून, कोणत्या वेळी आणि छापील प्रत केवढी हवी, हे आधी कागदावर लिहावे. सकाळ-संध्याकाळचे हलते पक्षी टिपायचे असतील, तर आधी उजळ लेन्स घ्यावी आणि कन्व्हर्टर नंतर. भरपूर उजेडात स्थिर बसलेले विषय असतील, तर हलकी ७०-३०० चांगली सोबत करते. तिला कन्व्हर्टर जोडण्यात खर्च होणारा पैसा भक्कम तिकाटण्यावर घालावा.

२४.
केळणेच्या काठावर वेलस्लीजवळ याहून मोठी दुर्बीण असती, तर त्याला पिंपळगावची घरे अधिक स्पष्ट दिसली असती. उतार तरीही दिसला नसता, कारण पाण्याखालचा उतार दुर्बिणीत दिसत नाही. कॅम्पबेलने ४० फूट निवडले आणि अ‍ॅनी माँडरने ९ इंच, तेही काय शोधायचे ते आधी ठरवूनच. भिंग दूरचे जवळ आणते, पण जे जवळ आले त्याचे काय करायचे, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. दुकानात जाण्यापूर्वी तेवढे ठरवून घेतले, तर पैसाही वाचतो आणि प्रकाशही.